उद्या काढणे

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी मिलिंदला त्याने मागितलेले अधिकार दिले. दुपारी साडेतीनला माझ्या स्क्रीनवर चाकूरहून त्याच्या नावाची नोंद आली. त्याच सुमाराला चाकूरच्या बसस्टँडवर तो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. मिलिंद माझा नवरा. आम्ही एकाच कंपनीत काम करत होतो, तो लातूरला आणि मी नांदेडला.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. माझ्या कामात कुणी येत नाही, जात नाही. दिवसभर अक्षरं हलतात. पण अधिकार देणं आणि काढून घेणं हेच माझं काम, आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायची तर आधी काम सांगावं लागेल.

आमची कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा चालवते. हदगाव, बिलोली, चाकूर अशा तालुक्यांच्या गावी मिळून तेवीस केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात एक सर्वर असतो, म्हणजे सतत चालू असलेला एक कॉम्प्युटर. त्यात डेटाबेस असतो, म्हणजे रुग्णांच्या सगळ्या वह्या. आत शिरायला लॉगिन लागतं, आणि शिरल्यावर काय करता येईल हे अधिकारांवर ठरतं. कुणाला फक्त वाचता येतं, कुणाला लिहिता येतं. पुसण्याचा अधिकार जवळजवळ कुणालाच नसतो.

माझे वडील हदगावच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळत. निजामाच्या काळातले मुंतखब, म्हणजे इनाम जमिनींचे कागद, त्यांच्या ताब्यात होते. कागद बघायला आलेल्या माणसाला ते टेबलाशी बसवत, कागद समोर ठेवत आणि स्वतः शेजारी उभे राहत. “बघायला मिळेल, न्यायला न्हाई,” एवढंच बोलत. मी एम.एस्सी. करून कॉम्प्युटरसमोर बसले तरी काम तेच करते. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. हदगावच्या केंद्राचे डॉक्टर एकदा नांदेडला येऊन माझ्यावर ओरडले होते, “जागा माझी, लाइट बिल माझं, आणि माझ्याच मशीनमधी मला पुसता येत न्हाई?” मी म्हटलं, “तुम्हाला वाचता येतं ना सर?” ते जाताना म्हणाले, “लई कंजूस बाई हाय.” त्यांना मीच चहा पाजला होता.

मिलिंदचं काम सर्वर उभे करण्याचं. नवं केंद्र निघालं की एका सर्वरवर दोन दिवस जात. मग त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कामांची क्रमवार यादी. ती कॉम्प्युटर स्वतः वाचतो आणि तशी कामं उरकतो. नव्या मशीनमध्ये ती टाकायची, वीज द्यायची आणि बाजूला व्हायचं. स्क्रिप्ट डेटाबेसमध्ये लॉगिन करते, वह्या मांडते, नांदेडहून माझी अधिकारांची यादी मागवते आणि ज्याचे त्याला अधिकार वाटते. पुढेही रोज सकाळी सात-दहाला उठून सगळं जागच्या जागी आहे ना ते बघते.

अशा स्क्रिप्टसाठी वेगळं लॉगिन ठेवावं, माणसाचं वापरू नये, असा नियम आहे. मिलिंदने स्वतःचंच नाव घातलं. म्हणाला, “बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते लोकांना कळलं पायजे.” आमच्याकडे ज्याने काम केलं त्याने सही करायची पद्धत आहे. मला ते पटलं. नियमापेक्षा जास्त पटलं, असंच म्हणायला हवं.

दुसरी गोष्ट त्याने हौसेने केली. केंद्रातल्या लोकांना इंग्रजीतल्या सूचना कळत नाहीत म्हणून त्याने स्क्रिप्टला आपली बोली दिली. स्क्रिप्ट सुरू झाली की केंद्राच्या स्क्रीनवर ओळी येत.

आलो. जरा थांबा.

जागा बघून राहिलो.

वह्या मांडून राहिलो.

झालं. च्या घ्या.

आणि एखाद्या ठिकाणी अधिकार नसल्यामुळे अडलं, तर एक ओळ खास माझ्यासाठी होती:

मॅडम न्हाई म्हनतेत. नांदेडला फोन लावा.

ती ओळ आठवड्यातून एकदा तरी कुठेतरी उमटायची आणि मला फोन यायचा. “मॅडम, मशीन तुमची चुगली करून राहिलं.” मग मी बघायची आणि योग्य वाटलं तर तेवढ्यापुरतं स्वतः करून द्यायची. शनिवारी मिलिंद नांदेडला घरी आला की मी भांडायची. तो ताटावर बसून म्हणायचा, “खोटं लिव्हलं का काही? घरात सुद्धा तूच न्हाई म्हनतीस.”

त्या मंगळवारी चाकूरला नवा सर्वर लागत होता. सोबत लातूर ऑफिसचा रफिक होता. आदल्या दिवशी वीज गेल्याने डेटाबेस अर्धवट मांडला गेला होता. तो पुसल्याशिवाय नवा मांडता येईना. पुसण्याचा अधिकार मिलिंदला नव्हता. एरवी मी नांदेडहून पुसलं असतं, पण मला ऑडिटवाल्यांनी मीटिंगमध्ये धरून ठेवलं होतं. त्याचा फोन आला.

“दे की एकदाचं सगळं. रोज रोज काय हात पसरायचा.”

“थांब. मीटिंग संपली की मी करते.”

“साडेतीनची गाडी धरायचीय मला. आज घरी येऊन राहिलो.”

“मंगळवारी?”

“का, शनिवारचंच परमिट हाय का?” मागे रफिक हसल्याचं ऐकू आलं. “उद्या काढून घे ना. उद्या मी तुझ्या समोरच असतो, घे काढून.”

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि यादीतल्या त्याच्या ओळीत सगळे अधिकार लिहिले. यादी सगळ्या केंद्रांना एकच होती. शेजारी माझ्यासाठी टीप ठेवली: तात्पुरतं. उद्या काढणे.

अडीच वाजता त्याचा पुन्हा फोन आला. काम झालं होतं. चाकूरचा सर्वर नांदेडशी नीट बोलतो की नाही हे तपासायला त्याने स्क्रिप्टची एक जादा फेरी साडेतीनला लावली होती. म्हणाला, “गाडीत बसतो तोवर बघ, चाकूर येतंय का. आलं तर उद्या ही फेरी काढून टाकतो.”

साडेतीनला चाकूर आलं. नाव मिलिंद, वेळ साडेतीन, सेकंद शून्य. मी त्याला कळवायला फोन लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा रफिकने उचलला.

दहाव्या दिवशी मी कामावर गेले. मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आदल्या दिवशी घरी झाला होता. घरी बसून करायचं काय, हे कळत नव्हतं. रोजच्या सवयीने मी सकाळच्या नोंदी उघडल्या. कोण कुठून कधी आत शिरलं, याची ती यादी असते.

मिलिंद, हदगाव, सात दहा. मिलिंद, बिलोली, सात दहा. मिलिंद, चाकूर, सात दहा. तेवीस ओळी. मी मागचे दिवस काढले. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही सात-दहाला तो तेवीस ठिकाणी आला होता. आम्ही त्याला न्यायला निघालो होतो तेव्हाही. आणि रोज दुपारी साडेतीनला, एकटा, चाकूरला.

हे का होतं ते मला पूर्ण ठाऊक होतं. मी हे काम वीस वर्षं केलं आहे. तरी त्या दिवशी सव्वातीनपासून मी जागेवरून उठले नाही. साडेतीनला ओळ आली. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ओळ तिथेच होती.

मी त्याचे जादा अधिकार काढायला हवे होते. यादी उघडायची, ओळ कमी करायची, जतन करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. मी यादी उघडली, उद्या काढणे हे वाचलं आणि यादी बंद केली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग यादी उघडणंच सोडलं.

याला विसरणं म्हणत नाहीत. मला रोज आठवत होतं.

केंद्रातली माणसं बदलत राहतात. बिलोलीला सुनंदाताई नव्याने तंत्रज्ञ म्हणून लागल्या. त्यांनी मिलिंदला कधी पाहिलं नव्हतं. एकदा फोनवर सहज म्हणाल्या, “सर रोज टायमावर येतेत बगा. ‘आलो, जरा थांबा’ म्हनतेत. मी बी म्हनते, या.”

मी म्हटलं, “ताई, सर नाहीत आता.”

“बदली झाली का?”

“वारले. वर्ष झालं.”

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आन मग सकाळी कोन येतंय?”

मी स्क्रिप्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी मी बिलोलीला गेले तेव्हा सकाळी सात वाजता त्या कुलूप उघडून बाहेरच उभ्या होत्या. सात-दहा होऊन गेल्यावरच आत शिरल्या.

त्यांना मी हसले नाही. माझ्याही लक्षात एक गोष्ट यायला लागली होती. मिलिंदच्या सगळ्या ओळी केंद्राकेंद्रात उमटत होत्या. आलो, बघून राहिलो, झालं. फक्त माझ्यावरची ओळ कुठेच येत नव्हती. वर्षभरात त्या ओळीवरून मला एकही फोन नव्हता. कारण साधं होतं. त्याला कुठे अडवायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. तो सगळीकडे जात होता, सगळं करू शकत होता, आणि माझ्याशी तेवढं बोलत नव्हता. दुपारच्या ऑफिसात, पंख्याखाली, चार माणसांत बसून मला या गोष्टीची भीती वाटायची.

बिलोलीचं ते दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. दिवसभर वीज येत-जात होती. बॅटरी संपून सर्वर बंद पडला आणि एकच्या सुमाराला पुन्हा उठला. हा सर्वर आधीच उभा केलेला आहे अशी जी खूण त्यावर ठेवलेली असते, तीच नेमकी या धक्क्यात गेली. स्क्रिप्टला वाटलं, हे नवं मशीन आहे. नव्या मशीनवर जुनं काही अर्धवट असेल तर आधी ते पुसायचं, ही पायरी मिलिंदने पहिल्यापासून लिहिली होती. ती त्याने बेफिकिरीने लिहिलेली नव्हती. पुसायला गेलं की अधिकार नसल्यामुळे अडेल, माझ्यावरची ओळ उमटेल, मला फोन येईल, आणि मी बघून ठरवीन, असा त्याचा हिशेब होता. त्याच्या स्क्रिप्टमध्ये माझा नकार धरलेला होता.

तो नकार मी काढून घेतलेला होता.

सुनंदाताईंचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. “मॅडम, सर पुसून राहिले! ‘आधीचं पुसून राहिलो’ म्हनतेत. मी न्हाई न्हाई म्हनले, बटन दाबलं, ऐकना झालेत.”

“वायर काढा. सर्वरची वायर ओढा, ताई.”

त्यांनी ओढली. तोवर शेवटची ओळ येऊन गेली होती. झालं. च्या घ्या.

आदल्या संध्याकाळपर्यंतची नक्कल नांदेडला होती, ती आम्ही परत घातली. त्या सकाळचे रिपोर्ट मात्र गेले ते गेले. नमुने तपासून टाकून दिलेले होते. चौतीस माणसांना परत बोलवावं लागलं. मी स्वतः बिलोलीला जाऊन केंद्राच्या दाराशी बसले आणि येईल त्याला हात जोडले. तेलंगणाच्या सीमेकडच्या गावातून एक म्हातारे गृहस्थ मुलीचा हात धरून उपाशीपोटी आले होते. “मळ्ळी?” ते म्हणाले. मुलीने सांगितलं, “पुन्हा का, म्हनतेत.” त्यांनी बाही वर केली. दंडावर कालच्या सुईचा डाग होता.

त्या आठवड्यात नांदेडला बैठक झाली. आमचे मॅनेजर पाटील साहेब मनाने वाईट नाहीत. अहवालाचा मसुदा त्यांनी तयारच आणला होता. कारण: पूर्वीच्या प्रोग्रामरने स्क्रिप्टमध्ये ठेवलेली धोकादायक पायरी.

“मॅडम, तुम्हाला वाईट वाटेल, पण समजून घ्या,” ते म्हणाले. “आता त्याच्यावर काय कारवाई होणार? चालू माणसांपैकी कुणावर येत नाही. फाईल बंद होते.”

रफिक लातूरहून आला होता. टेबलाच्या टोकाला बसून पेनाचं टोपण उघडत होता, लावत होता. चाकूरचा तो फोन त्याने शेजारी उभं राहून ऐकला होता. दे की एकदाचं, उद्या काढून घे. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने एकदाच वर बघितलं, माझ्याकडे, आणि पुन्हा टोपणाकडे बघायला लागला.

मी म्हटलं, “ती पायरी बरोबर आहे, साहेब. अधिकार चुकले. ओळ मी लिहिली होती.”

“घाईत राहून गेलं असेल.”

“नाही. ठेवलं होतं.”

“का?” ते खरोखरच न कळून विचारत होते.

मी त्यांचा मसुदा बाजूला ठेवला. मी अहवाल स्वतः लिहिला. अधिकार मी दिले, काढायची जबाबदारी माझी होती, मी ते काढले नाहीत, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. चार वाक्यं. मला लेखी समज मिळाली आणि वर्षभर माझ्या प्रत्येक बदलावर दुसऱ्याची सही लागू लागली. ते योग्यच होतं. जिन्यात रफिक म्हणाला, “भाभी, मैं बोलनेवाला था. खुदा कसम. पण तुमच्या आधी कसं बोलू?” मला तो कायम मॅडम म्हणायचा. भाभी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला.

साहेबांनी एकच सांगितलं: ते लॉगिन काढून टाका.

मी स्क्रिप्टसाठी वेगळं लॉगिन केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं तसं. त्याला कुणाचंही नाव दिलं नाही. त्याला मांडता येतं, पुसता येत नाही. मग बिलोलीपासून सुरुवात केली आणि मिलिंदचं लॉगिन काढायची आज्ञा दिली. डेटाबेसने नकार दिला. इंग्रजीत जे लिहून आलं त्याचा अर्थ असा, की हे काढता येणार नाही, काही गोष्टी याच्यावर अवलंबून आहेत. ज्या लॉगिनने वह्या मांडलेल्या असतात, त्या त्याच्या मालकीच्या राहतात. मालकी दुसऱ्याला दिल्याशिवाय तो जात नाही.

रफिक फोनवर होता. “काय म्हणतंय?”

मी वाचून दाखवलं.

“गलत क्या बोला?” तो म्हणाला. मग म्हणाला, “चला, बिलोली. पहिली वही.”

एकेक केंद्र घेत आम्ही मालकी बदलत गेलो. त्याला अकरा दिवस लागले. एका आज्ञेत सगळं हलवता येतं, पण मी वही वही बघत गेले. घरातली कपाटं आवरताना मला हे जमलं नव्हतं. रोज सकाळी नोंदींतला मिलिंद एक-दोन गावांतून कमी होत होता. शेवटी बावीस गावं झाली आणि चाकूर उरलं.

तिथली साडेतीनची जादा फेरी अजून मिलिंदच्याच नावाने होती. चाकूरला वह्यांची मालकी मी काढून घेतली. लिहिण्याचा अधिकार काढला, मग वाचण्याचाही. आत येण्याचा तेवढा राहिला. आज्ञा लिहून झाली होती, बोट कळीवर होतं. तेवढ्यात साडेतीन झाले.

नोंद आली. लगेच फोन वाजला. चाकूरचे बालाजी, केंद्रातले जुने तंत्रज्ञ.

“मॅडम,” ते म्हणाले, “लई दिसानं एक ओळ आली स्क्रीनवर. वाचू का?”

“वाचा.”

“‘मॅडम न्हाई म्हनतेत. नांदेडला फोन लावा.’ म्हनून लावला. काही करायचंय का?”

मी म्हटलं, “काही करू नका. बरोबर आहे ते.”

लिहिलेली आज्ञा मी पुसली. साहेबांकडे गेले आणि जे ठेवणार होते ते सांगितलं. त्या लॉगिनला काहीच करता येत नाही हे त्यांनी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं आणि कागदावर सही केली.

बालाजी आता रोज फोन करत नाहीत. कधीमधी करतात, “सरांचा निरोप हाय,” म्हणतात, आणि ठेवतात.

मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. चार्ज देताना ही बाब मी यादीत लिहून देईन, पुढच्या माणसाला काय करायचं ते तो ठरवील. टीप मी काढून टाकली आहे. चाकूरच्या सर्वरवर मिलिंद नावाचं एक लॉगिन आहे. त्याला आत येता येतं, दुसरं काही करता येत नाही. ते रोज साडेतीनला येतं.